शंभरातले ते बारा कोण?

ताई, नमस्कार.

मी इचलकरंजीचा. वय ४६. खर्चीवाला यंत्रमागधारक आहे, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. आठ माग आहेत. माग कामगार चालवतात, माझं काम हिशेब आणि फोन. जुने दोन माग काढून नवे घ्यावेत म्हणून बँकेत कर्ज मागितलं. साहेबांनी संगणकात बघितलं आणि म्हणाले, सिबिल ६४०, बसत नाही. मी स्वतःचा एक हप्ता आजवर चुकवलेला नाही. भाच्याच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिलो होतो, त्याने मध्ये काही महिने हप्ते थकवले.

त्याच महिन्यात गल्लीतल्या मंडळाने आरोग्य शिबिर घेतलं. तिथे मधुमेहाचा स्कोअर ६० आला, कागदावर लाल शाईने 'अतिजोखीम'. बीपी आणि रक्तातली चरबी बघून आणखी एक कागद दिला, 'दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका १२ टक्के'. मुलाने तेच आकडे मोबाइलवर दुसरीकडे घातले तर ७ टक्के आले. साखरेची तपासणी करायला सांगितली आहे, अजून केलेली नाही. विडी-सिगारेट ओढत नाही. मावा आहे, पण तो आमच्याकडे सगळेच खातात. आई-वडिलांना साखर नव्हती. बायको म्हणते, बारा म्हणजे अठ्ठ्याऐंशी आपल्या बाजूने, झोपा. मला झोप येत नाही. महिन्यात दोनदा संगणकाने नापास केलं. मला कधी न पाहता या यंत्रांना माझ्याबद्दल एवढं कसं कळतं? आणि १२ खरं की ७?

– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तिकडे नंतर येते. आधी तुमचा मूळ प्रश्न, की यंत्राला माझ्याबद्दल एवढं कसं कळतं.

यंत्राला तुमच्याबद्दल काही कळत नाही.

मी विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी प्रस्ताव तपासायच्या टेबलावर. दहा हजार पॉलिसींमागे वर्षाला साधारण किती मृत्युदावे येतील याचा आमचा अंदाज फारसा चुकत नसे. पण ते दावे कुणाचे, हे आमच्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ, निर्व्यसनी, रोज पहाटे फिरायला जाणारे. आमच्या तक्त्यात त्यांच्याइतका उत्तम जीव सापडला नसता. एक्कावन्नाव्या वर्षी गेले आणि त्यांची फाइल माझ्याकडे आली. तक्ता तेव्हाही बरोबरच होता, हे मला पटायला बरेच दिवस लागले.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सुताचा लॉट हातात घेतला की या सुतात दर बीमला, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळाला, तुटी किती येणार ते तुम्ही सांगू शकता. दमट हवेत किती, उन्हाळ्यात किती, हेही सांगाल. पण हजारो धाग्यांतला नेमका कोणता तुटणार ते सांगता येतं का? आणि एखाद्या धाग्याकडे बोट दाखवून 'हा बारा टक्के तुटलेला आहे' असं कुणी म्हटलं, तर तुमचा जॉबर, माग दुरुस्त करणारा, हसेल. धागा तुटतो किंवा तुटत नाही. टक्का असतो तो लॉटला.

तुमच्या कागदावरचे १२ टक्के हे असेच लॉटचे आहेत. तुमचं वय, बीपी, कोलेस्टेरॉल असलेले शंभर पुरुष घेतले आणि त्यांचं आहे तसंच चालू राहिलं, तर दहा वर्षांत त्यांतल्या साधारण बाराजणांना त्रास होईल, एवढंच तो कागद म्हणतो. ते बारा कोण, हे कागदाला माहीत नाही. वहिनींचं गणित त्यामुळे चुकीचं नाही. फक्त 'झोपा' हा निष्कर्ष जरा घाईचा आहे.

आता १२ की ७. दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. लॉट वेगळा आहे आणि 'तुटणं' कशाला म्हणायचं हेही वेगळं आहे.

हृदयविकाराच्या अशा गणितांचं मूळ अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या फ्रामिंगहॅम नावाच्या गावात आहे. तिथे १९४८ साली ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. दर दोन वर्षांनी तपासायचं आणि कुणाला काय झालं ते लिहायचं. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाशी संबंध आहे, हे आज शाळेतलं पोरही सांगतं. त्याचा मोठा भाग त्या गावाच्या वहीतून आला आहे. पण त्या वहीतली माणसं जवळजवळ सगळी गोरी होती. २००८ साली या अभ्यासातून निघालेल्या गणितात हार्ट अटॅकबरोबर छातीतली कळ, पक्षाघात, हृदयाची कमजोरी, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असं सगळं एकत्र मोजलं जातं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ साली दुसरं गणित काढलं. ते फक्त हार्ट अटॅक, त्याने आलेला मृत्यू आणि पक्षाघात एवढंच धरतं. एकाने जास्त गोष्टी मोजल्या, आकडा मोठा आला. दुसऱ्याने कमी मोजल्या, लहान आला. तुमच्या शिबिरवाल्यांनी आणि मुलाच्या मोबाइलने यांपैकी काय वापरलं, ते कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नसेल, तर तो कागद देणाऱ्यालाच विचारायला हवं.

आपल्या लोकांचा लॉट वेगळा असतो, हे डॉक्टर मंडळी फार आधीपासून सांगत आली आहेत. इंग्लंडमधल्या क्यूरिस्क नावाच्या गणितात २००८ पासून वंशाचाही रकाना आहे आणि त्यात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशी वेगवेगळी नोंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ भाग पाडून प्रत्येकासाठी वेगळे तक्ते केले. त्यात दक्षिण आशियाचा स्वतंत्र तक्ता आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा तक्ता लावून बघा म्हणून सांगा. परक्या गावच्या वहीपेक्षा तो बरा. तरीही तो तुमच्या एकट्याचा होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मागवाल्यांचा तक्ता काढला, तर तोही तुमच्या एकट्याचा होणार नाही. किती बारीक चाळणी लावायची याला अंत नाही. शेवटी चाळणीत तुम्ही एकटेच उरता, आणि एका माणसाचा टक्का कसा काढणार?

चाळणी कशी फसते याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. उंची-वजनाच्या हिशेबाने, म्हणजे बीएमआयने, दोघेही सारखेच, २२.३. यंत्रातून चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. काट्यावर जुळे वाटावेत अशी दोन माणसं आतून इतकी वेगळी. अंगाने बारीक पण आत चरबी, असा हा आपल्याकडचा बांधा आहे. नुसत्या वजनाच्या रकान्याला तो दिसत नाही.

म्हणून मधुमेहाच्या तुमच्या कागदाला मी जास्त मान देते. तो स्कोअर इथल्या माणसांवरून निघाला आहे. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये तो तयार केला. चारच प्रश्न. तुमचा ६० कुठून आला तो हिशेब मी मांडून बघितला. वय ३५ ते ४९, त्याचे २०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर असेल तर १०. व्यायाम नाही आणि काम बसून, त्याचे ३०. आई-वडिलांना मधुमेह नाही, शून्य. बेरीज ६०, आणि ६० पासून पुढे लाल शाई. तुमची कंबर आणि व्यायाम नसणं हे मी अंदाजाने धरलं आहे. म्हणजे तुम्ही बरोबर उंबरठ्यावर आहात. काही न करता तुमचा पन्नासावा वाढदिवस आला की वयाच्या २० चे ३० होतील. त्या रात्रीत तुमच्या शरीरात दहा गुणांचं काही घडणार नाही. रेघ कुठेतरी मारावी लागते म्हणून मारलेली आहे.

आता लाल शाईचा अर्थ. चेन्नईच्या त्या अभ्यासात ज्यांचा स्कोअर ६० किंवा जास्त होता, त्यांच्यापैकी शंभरातल्या सतराजणांनाच तपासणीत खरोखर मधुमेह निघाला. बाकी त्र्याऐंशींना नव्हता. आणि ज्यांना मधुमेह होता त्यांच्यातले शंभरी सत्तावीस-अठ्ठावीस या रेघेच्या खालीच राहून गेले होते, त्यांना लाल शाई लागलीच नव्हती. हे वाचून 'मग स्कोअर बोगस' म्हणाल, तर त्याच्यावर अन्याय होईल. त्याचं काम निदान करणं नाहीच. हजार माणसांत रक्त आधी कुणाचं तपासायचं हे चार प्रश्नांत आणि एका टेपने ठरवायला तो केलेला आहे, आणि एवढ्या स्वस्तात तो ते काम चोख करतो. त्याने तुम्हाला एवढंच सांगितलं की रक्त तपासा. ते तुम्ही केलेलं नाही. रात्री जागे राहून १२ आणि ७ ची वजाबाकी करताय, आणि ज्या तपासणीने अंदाज संपून खरं काय ते कळेल ती टाळताय. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, अथवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, साडेसहा किंवा वर आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह म्हणतील. खाली आली तर निदान आज तो नाही. मोजता येतं तिथे माणसाने अंदाजावर झोप घालवू नये.

आता ते जाता जाता लिहिलेलं वाक्य. 'मावा आहे, पण तो आमच्याकडे सगळेच खातात.'

फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' असा प्रश्न होता ना? तुम्ही 'नाही' लिहिलंत आणि खरंच लिहिलंत. फ्रामिंगहॅमच्या लोकांनी सिगारेट विचारली, कारण तिथे लोक सिगारेट ओढत. मावा, गुटखा, मिश्री हे शब्द त्या वहीत नाहीत आणि त्यातून निघालेल्या गणितांतही नाहीत. यंत्राच्या दृष्टीने तुम्ही निर्व्यसनी आहात. ५२ देशांतल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांवर झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात मात्र तंबाखू नुसती चघळणाऱ्यांमध्येही धोका सुमारे दुप्पट दिसला. त्यामुळे १२ खरं की ७ या वादात मी तिसरी बाजू घेते. दोन्ही गणितांना तुमच्या गालातली पुडी दिसलेली नाही. तोंडाच्या कॅन्सरचा विषय मी काढतही नाही, तुमच्या गल्लीत त्याची उदाहरणं असतीलच. आणि 'सगळेच खातात' याचा अर्थ एवढाच, की तुमचा सगळा लॉटच कच्चा आहे.

आता बँक.

सिबिल हा शब्द आपण झेरॉक्ससारखा वापरतो. ती २००० साली सुरू झालेली एक कंपनी. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अशा चार कंपन्या देशात आहेत. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साधारण ७५० च्या पुढे बँका मोकळेपणाने बोलतात. तो काढताना तुमचे कर्जाचे आणि कार्डाचे व्यवहार बघतात. हप्ते वेळेवर गेले का, मर्यादेतली किती उचल केली, गेल्या काही महिन्यांत किती ठिकाणी कर्ज मागितलं, वगैरे. तुमचं उत्पन्न त्यात नाही. व्यापाऱ्याशी वीस वर्षं तोंडी चाललेला व्यवहार नाही. भिशीचे पैसे तुम्ही कधी बुडवले नाहीत, तेही नाही. जामीनकी मात्र आहे. जामीन राहिलेलं कर्ज तुमच्याही अहवालात उतरतं आणि भाच्याचा थकलेला हप्ता तुमच्या नावाला लागतो. 'मी स्वतःचा हप्ता चुकवला नाही' हे घरात खरं आहे, कायद्याने नाही. जामीन म्हणजे 'तो न भरला तर मी भरीन'. तुम्ही भरलात का? रागावू नका, पण इथे यंत्राने तुमच्यावर अन्याय केला असं मला सरळ म्हणता येत नाही.

तरी एक फरक सांगते, तो कळला की मनाला कमी लागेल. डॉक्टरचा आकडा तुमच्यासाठी काढलेला आहे. बँकेचा बँकेसाठी. समजा तुमच्या स्कोअरच्या शंभरजणांत पंधरा थकतात (आकडा नुसता समजण्यापुरता). त्या पंधरांच्या भीतीने बँक सगळ्या शंभरांना परत पाठवते. पंच्याऐंशी चांगली माणसं गेली, पण बँकेच्या खात्यात ती चूक कुठेच लिहिली जात नाही. कर्जच दिलं नाही, तर हा माणूस नीट फेडणार होता हे कळणार कसं? आमच्या विमा कचेरीतही हेच होतं. स्वीकारलेला प्रस्ताव बुडाला की वरून खुलासा मागवत. नाकारलेला माणूस नव्वद वर्षं जगला तर त्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही. तुमच्याबद्दल चुकूनही बँक एकूण हिशेबात बरोबर राहू शकते. तुमच्या सचोटीबद्दल तिने काही मत दिलेलं नाही.

नकार मिळाला म्हणून मोबाइलवरच्या ॲपमधून पाच मिनिटांत मिळणारं कर्ज, किंवा महिन्याला शेकडा तीन-चारने देणारा सावकार, यांच्याकडे मात्र वळू नका. बँकेने नाकारलं म्हणून महाग कर्ज घ्यायचं, महाग म्हणून हप्ता थकायचा, आणि मग संगणक म्हणणार, बघा, मी सांगितलंच होतं. अशाने अंदाज खरा ठरतो, आणि खरा ठरवणारे आपणच असतो.

त्याऐवजी चारही कंपन्यांकडून तुमचा पूर्ण अहवाल मागवा. वर्षातून एकदा प्रत्येकीने तो फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा अहवाल बघितल्याने स्कोअर घसरत नाही, पेठेत सांगतात ते खोटं आहे. घसरतो तो पाच बँकांत एकदम अर्ज टाकल्याने, तेव्हा तूर्त नवा अर्ज नको. अहवालात भाच्याचं कर्ज शोधा. हप्ते अजून थकलेले असतील तर भाच्याला समोर बसवून पूर्ण फेडून घ्या आणि 'नो ड्यूज'चा दाखला हातात ठेवा. थोडं कमी घेऊन मिटवतो असं कर्ज देणारी कंपनी म्हणाली तर मोह आवरा. मग तिथे 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि पुढचा बँकवाला तो 'बुडवलं' असाच वाचतो. हप्ते आधीच भरलेले असूनही थकबाकी दिसत असेल, तर त्या चुकीबद्दल लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून लागू आहे. तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हे सगळं होऊन स्कोअर सावरायला काही महिने लागतील. तोवर मजुरीची बिलं, बँक स्टेटमेंट, जीएसटी, लाइट बिलं एका फाइलमध्ये लावा. गावातल्या सहकारी बँकेत, जिथे माग म्हणजे काय ते समजणारा माणूस खुर्चीवर आहे, तिथे ती फाइल घेऊन स्वतः जा. स्कोअर तेही बघतील, पण फाइलही बघतील.

मुलाला सांगा, आता तिसरं कॅल्क्युलेटर शोधू नकोस, त्यापेक्षा बाबांबरोबर संध्याकाळी पाऊण तास पंचगंगेच्या बाजूला चालायला जा. त्या ३० गुणांतले काही त्याने कमी होतात. वयाचे होत नाहीत.

आणि एक. 'आई-वडिलांना साखर नव्हती' असं तुम्ही लिहिलंत आणि फॉर्मवर शून्य पडलं. त्यांची साखर कधी तपासली होती का? आपल्या आई-वडिलांच्या पिढीत 'नव्हती' म्हणजे बहुतेक वेळा 'कुणी बघितली नाही'. फॉर्मला या दोन्हींतला फरक कळत नाही. आई असतील तर सोमवारी सकाळी उपाशीपोटी त्यांनाही रिक्षात घाला आणि लॅबमध्ये दोघांचंही रक्त द्या. मावा त्या दिवशी सकाळी खायचा नाही, रक्त देईपर्यंत तरी.

तुमची,
ताई